धान्यमापांच्या छपराखाली

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, दोर्दोन्य जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत मोंपाझिए नावाचे सुमारे पाचशे वस्तीचे एक गाव आहे. गावाच्या मधोमध दगडी कमानींनी वेढलेला चौक आहे आणि चौकाच्या एका अंगास, भिंती नसलेले, केवळ लाकडी खांबांवर तोललेले एक विस्तीर्ण छप्पर उभे आहे. चेस्टनट वृक्षाच्या जाड तुळयांचा हा सांगाडा सोळाव्या शतकातील. छपराखाली गेले की धान्य मोजण्याची जुनी मापे दृष्टीस पडतात. ती पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. दर गुरुवारी सकाळी त्याच चौकात आजही आठवडी बाजार भरतो. भाजीवाले, मधवाले, अक्रोडवाले आपापली मेजे मांडतात, आणि ज्या मापांनी त्यांच्या पूर्वजांचे धान्य मोजले गेले ती मापे काही पावलांवर असतात.

युरोपला जाणारे आपले बांधव बहुधा पॅरिस पाहून परततात. अँटवर्पच्या हिरेबाजारात ज्यांचे आप्तेष्ट आहेत त्यांना तर पॅरिस शेजारघरासारखेच वाटते. पॅरिसबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्यांच्या घरी तीन-चार पिढ्या तराजू हलतो आहे, त्यांनी फ्रान्समध्ये आवर्जून पाहावे असे काही असेल तर ते या खेड्यांतील बाजारछप्पर होय. राजवाडे राजांनी स्वतःच्या वैभवासाठी बांधले. ही गावे मात्र बाजारासाठी, बाजाराच्या हिशेबाने, मोकळ्या जमिनीवर दोरी ताणून वसविलेली आहेत.

अशा गावाला तेथे ‘बास्तीद’ म्हणतात. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सुमारे दीडशे वर्षांच्या काळात नैर्ऋत्य फ्रान्समध्ये अशी तीनशेहून अधिक गावे वसली. या परंपरेच्या आरंभी तुलूजच्या सातव्या रेमों या सरदाराने १२२२ मध्ये वसविलेल्या कॉर्द या गावाचे नाव घेतले जाते. पुढे फ्रान्सचा राजा नववा लुई याचा भाऊ आल्फोंस द प्वातिए याने असंख्य गावे वसविली. दुसरीकडे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा आक्वितेनचा ड्यूक या नात्याने त्याच प्रदेशात आपली गावे उभारू लागला. मोंपाझिए हे एडवर्डचे. इ. स. १२८४ मध्ये त्याचा अधिकारी ज्याँ द ग्राय्यी याने शेजारच्या बिरों येथील सरदाराशी करार करून ते वसविले.

हा करार आपल्या वाचकांना चटकन उमगेल, कारण तो सरळसरळ भागीदारीचा होता. जमीन सरदाराची किंवा एखाद्या मठाची, संरक्षण आणि सत्ता राजाची, आणि उत्पन्नात दोघांचा वाटा. फ्रेंच भाषेत त्याला ‘परेआज’ म्हणतात. उत्पन्न येणार कोठून, तर बाजारातून: जकात, चौकातील बसण्याची पट्टी, जत्रेचा कर. म्हणजे गाव वसविण्यामागे धर्मभाव नव्हता, औदार्यही नव्हते. महसुलाची निकड होती आणि सीमेवर आपली माणसे बसविण्याची घाई होती. पण वस्ती काही हुकमाने येत नाही. ती यावी म्हणून सवलती द्याव्या लागल्या. येणाऱ्यास घरासाठी जागा आणि कसण्यास जमीन मिळे, तो वेठबिगारीतून मुक्त होई, त्याला मालमत्ता विकता येई आणि मुलीचा विवाह स्वतःच्या इच्छेने ठरविता येई. मोबदल्यात ठराविक मुदतीत घर बांधून पुरे करण्याची अट असे. मराठेशाहीत नवी पेठ वसविताना सरकार शेटे-महाजनांना कौल देत असे, आरंभीची काही वर्षे करमाफी देऊन वाण्या-उदम्यांना बोलावीत असे. ज्यांनी त्या काळचे कौलनामे वाचले आहेत त्यांना बास्तीदच्या सनदा वाचताना परके काहीच वाटणार नाही.

मोंपाझिएचा आराखडा पाहण्यासाठी उंचावर जाण्याची गरज नाही. तो पायांनाच कळतो. गाव सुमारे ४०० मीटर लांब आणि २२० मीटर रुंद अशा आयतात बसविलेले आहे. लांबीच्या दिशेने समांतर रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडवे रस्ते, आणि दोन घरांच्या रांगांच्या पाठीमागून जाणारे बोळ. घरासाठी दिलेले भूखंड आकाराने सारखे. एकोणिसाव्या शतकातील वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक याने आपल्या वास्तुकोशात या गावाचा नकाशा नमुन्यादाखल छापला, तो उगाच नव्हे. घराघरांमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट आढळते. भिंतीला भिंत टेकलेली नसते. दोन घरांमध्ये जेमतेम हातभर रुंदीची फट ठेवलेली असते. तिला ‘आंद्रोन’ म्हणतात. एका घराला आग लागली तर दुसऱ्याला झळ पोहोचू नये आणि सांडपाणी वाहून जावे, हा तिचा उद्देश. सामाईक भिंतीवरून होणारे भाऊबंदकीचे तंटेही त्यामुळे टळले असतील, असे आपल्याकडील वाड्यांचा अनुभव असलेल्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

चौकाभोवतालच्या घरांचे वरचे मजले पुढे ओढून त्यांखाली कमानींचा आच्छादित मार्ग केलेला आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. पावसात गिऱ्हाईक भिजू नये, उन्हात माल तापू नये. ही रचना आपल्या जुन्या पेठांतील ओट्या-पडव्यांची आठवण करून देते. आणि एक गोष्ट कोणी न सांगताही ध्यानी येते: चर्च चौकात नाही. युरोपातील बहुतेक जुन्या गावांत मुख्य चौकावर चर्चचे राज्य असते. येथे ते थोडे बाजूला सरकून उभे आहे. मध्यभाग बाजाराला दिलेला आहे, आणि त्या मध्यभागी माप आहे.

मापाला एवढा मान का, हे समजण्यासाठी त्या काळच्या फ्रान्समधील गोंधळ ध्यानात घ्यावा लागतो. धान्य मोजण्याची ‘सतिए’ आणि ‘ब्वासो’ ही मापे नावाने सर्वत्र एकच. पण एका गावचा ब्वासो दुसऱ्या गावच्या ब्वासोहून वेगळा. शिवाय माप एकच असले तरी भरण्याच्या रीती दोन. एक शिगेची, म्हणजे वर रास येईपर्यंत भरण्याची. दुसरी सपाट, म्हणजे काठावरून लाकडी दांडी फिरवून वरचे धान्य खाली पाडण्याची. सरदार कुळाकडून खंड घेताना शिगोशीग घेई आणि तेच धान्य विकताना सपाट मापाने देई, ही तक्रार शतकानुशतके चालत आलेली. तिसरी युक्ती अधिक सूक्ष्म: धान्य उंचावरून ओतले की ते दबून बसते आणि त्याच मापात जास्त मावते, अलगद सोडले की कमी मावते. आपल्या भुसार बाजारात ज्यांनी बालपणी पायलीने ज्वारी मोजताना पाहिली आहे, त्यांना हाताचा हा खेळ समजावून सांगायला नको.

यावर बास्तीदच्या सनदांनी शोधलेला उपाय साधा होता. माप कोणा एकाच्या घरी राहणार नाही. ते बाजाराच्या छपराखाली, सर्वांच्या डोळ्यांदेखत राहील. गावाने निवडलेले प्रतिनिधी त्यावर देखरेख ठेवतील. खोटे वजन वा खोटे माप बाळगणाऱ्यास दंड होईल. मोंपाझिएहून बरेच आग्नेयेस केल्यूस नावाचे गाव आहे. तेथील बाजारछपराखाली ही मापे चक्क दगडात कोरलेली आहेत. दगडात कोरलेले माप कोणाला उचलून नेता येत नाही, तळाला पोचा पाडता येत नाही, आतून लाखेचा थर देऊन लहानही करता येत नाही. कोठारातील माप मोठे की धाकट्याच्या दुकानातील, हा वाद तेथे येऊन मिटत असे.

त्या मापांविषयी वाचताना आपल्या प्रतिक्रमणातील एक शब्द माझ्या मनातून जाईना. तिसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूडतुल-कूडमाण’ हा अतिचार आपण सारे नित्य उच्चारतो. दिगंबर परंपरेत तोच ‘हीनाधिक मानोन्मान’ या नावाने परिचित आहे. देताना कमी मापाने द्यायचे आणि घेताना अधिक मापाने घ्यायचे, हा त्याचा अर्थ. त्या सरदाराची शीग आणि सपाटी म्हणजे दुसरे काय? फरक एवढाच की आपल्या आचार्यांनी या दोषाचा बंदोबस्त श्रावकाच्या अंतःकरणात केला, तर या गावांनी तो चौकातील छपराखाली केला. यांपैकी कोणता अधिक टिकाऊ, यावर वाद होऊ शकेल. माझे स्वतःचे मत असे की व्यापाऱ्याला दोन्हींची गरज असते; सचोटीच्या माणसालाही आपली सचोटी सिद्ध करण्यासाठी एखादे सामाईक माप लागतेच.

हे सारे वाचून मोंपाझिए म्हणजे कोणी न्यायाचे नंदनवन होते असे समजू नये. शंभर वर्षांच्या युद्धात हे गाव इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात हात बदलत राहिले. १६३७ मध्ये युद्धकराच्या ओझ्याखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी पेरिगोर प्रांतात मोठे बंड केले. त्या बंडखोरांना ‘क्रोकां’ म्हणत. त्यांचा एक म्होरक्या ब्युफारो हा जवळच्याच काप्द्रो गावचा विणकर. त्याला पकडून याच चौकात अत्यंत क्रूर रीतीने देहदंड देण्यात आला. ज्या जागी धान्याचे कण मोजून न्याय केला जाई, त्याच जागी करासाठी एका माणसाची हाडे मोडली गेली. आज तेथे कॉफीची मेजे मांडलेली असतात.

मापांचा प्रश्न अखेर राज्यक्रांतीने सोडविला. १७८९ मध्ये गावोगावच्या लोकांनी राजाकडे आपल्या गाऱ्हाण्यांच्या वह्या पाठविल्या, त्यांत सर्व देशात एकच वजन आणि एकच माप असावे ही मागणी पुनःपुन्हा आलेली आहे. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, ग्रॅम आणि लिटर ही दशमान पद्धत फ्रान्समध्ये आली. लोकांनी ती सहजी स्वीकारली नाही. जुनी मापे चालूच राहिली. १८३७ मध्ये पुन्हा कायदा करून १ जानेवारी १८४० पासून दशमान मापे सक्तीची करावी लागली, तेव्हा कोठे जुनी मापे निवृत्त झाली. क्रांतीची दुसरी एक खूण मोंपाझिएच्या चर्चच्या दारावर आहे. फ्रेंच जनता परमतत्त्वाचे अस्तित्व आणि आत्म्याचे अमरत्व मान्य करते, अशा आशयाचा त्या काळचा लेख तेथे अजून वाचता येतो. सरकारने फर्मान काढून आत्म्याचे अमरत्व मान्य करावे, याचे आपल्या वाचकांना कौतुक वाटेल की हसू येईल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे हाच बदल शंभराहून अधिक वर्षांनी झाला. १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही घराघरातील मापे हळूहळू माळ्यावर गेली. आपल्याकडेही पायली गावागणिक निराळी होतीच. आमच्या दुकानातील सरकारी छाप असलेली पायली आणि अधोली, दुकान नव्याने बांधताना मीच मोडीत घातली. वजनावर घातली, आणि किती रुपये आले तेही आता आठवत नाही. मोंपाझिएच्या छपराखाली ते प्रकर्षाने आठवले.

फ्रेंचांचे वारसाप्रेम उपजत आहे असे मात्र नाही. त्यांनीही पुष्कळ पाडले. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी १८३७ मध्ये तेथे सरकारी आयोग नेमला गेला, त्यानंतर याद्या झाल्या, १९१३ मध्ये कायदा झाला. खेड्यांच्या बाबतीत निर्णायक पाऊल मात्र एका ग्रामप्रमुखाचे. कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी १९८२ मध्ये ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर खेडी’ या अर्थाच्या नावाची संघटना स्थापन केली. तिचे सभासद होण्यास गावाची वस्ती दोन हजारांच्या आत असावी लागते आणि गावात किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे असावी लागतात. मोंपाझिए तिचे सभासद आहे. यातील व्यापारी चातुर्य आपल्या नजरेतून सुटणार नाही: एकट्या गावाची जाहिरात कोण पाहतो? शंभर-दीडशे गावांनी मिळून एकच छाप वापरला तेव्हा तो छाप पेढीच्या नावासारखा चालू लागला. १९८४ पासून सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारसादिन पाळला जातो, तेव्हा एरवी बंद असणारी कित्येक खासगी घरे आणि सरकारी वास्तू लोकांसाठी खुल्या होतात.

या प्रदेशात हिंडताना शेताशेतांत आणखी एक वास्तू दिसते. दगडी खांबांवर उभारलेली, वर टोकदार छप्पर असलेली छोटी कबुतरांची घरे. पहिल्या दर्शनी मला गुजरातेतील चबुतरे आठवले आणि मन प्रसन्न झाले. खांबाच्या माथ्यावर छत्रीसारखा रुंद दगड बसविलेला असतो, उंदीर वर चढू नयेत म्हणून. पाखरांची केवढी काळजी, असे वाटले. मग कळले की कबुतरे पाळली जात ती त्यांच्या विष्ठेच्या खतासाठी आणि मांसासाठी. वास्तू सारखी, भाव उलटा. तरीही खताच्या लोभाने का होईना, शेतकऱ्यांनी घराइतक्याच निगुतीने बांधलेल्या या मनोऱ्यांचे शिल्प पाहण्यासारखे आहे.

त्याहून कठोर सत्य पेरिगोरच्या बाजारपेठेत भेटते. बदकांना आणि हंसांना नळीने बळजबरीने खाऊ घालून त्यांचे यकृत फुगवायचे आणि ते पक्वान्न म्हणून विकायचे, हा या प्रांताचा प्रसिद्ध व्यवसाय. फ्रान्सने २००६ मध्ये कायद्याने त्याला देशाचा सांस्कृतिक आणि पाककलेचा वारसा ठरविले. भारताने २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. वारसा म्हटला की तो सर्वच जपण्याजोगा असतो असे नाही, हे त्या दुकानांसमोरून जाताना कळते. आपल्या कुटुंबातील मुले बरोबर असतील तर त्यांना हे लपवून न ठेवता सांगावे, असे मला वाटते. ती तेथल्या पाट्यांवरील हसऱ्या बदकांची चित्रे पाहणारच आहेत.

भोजनाची अडचण खरी आहे. येथील स्वयंपाकात तेलाऐवजी बदकाची चरबी वापरण्याचा प्रघात आहे, त्यामुळे नुसती भाजी दिसली तरी ती कशात परतली हे विचारल्यावाचून घेऊ नये. पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातील विरजण असते. पण अक्रोड येथील अस्सल वैभव. पेरिगोरच्या अक्रोडाला प्रांतनामाचे कायदेशीर संरक्षण आहे, आणि जुन्या घाण्यांवर गर भाजून, दाबून काढलेले त्याचे तेल सुगंधी असते. ताजी फळे, मध वर्ज्य नसेल तर मध, आणि गावच्या भट्टीतला पाव. ‘त्रादिस्यों’ नावाच्या पावात कृत्रिम मिसळ करण्यास १९९३ पासून कायद्याने बंदी आहे. ज्यांना आंबवलेले चालत नाही त्यांनी अर्थातच खाकऱ्यांचे डबे बरोबर न्यावेत. मी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले, बाजारातून भाजी आणली, आणि सर्व प्रश्न मिटले. चौविहार पाळणाऱ्यांना जूनमध्ये एक सुखद अनुभव येतो: सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या सुमारास होतो. मुंबईच्या धावपळीत जे साधत नाही ते तेथे निवांत साधते. सप्टेंबरच्या मध्यावर मात्र तो आठच्या सुमारास होतो, हे वारसादिनासाठी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान गाडी सुमारे दोन तासांत पोहोचविते. तेथून बेर्जराकपर्यंत छोटी गाडी आहे, पुढे मोटारीवाचून गत्यंतर नाही. मोटार हाती असेल तर व्हिलरेआलचे दुमजली बाजारछप्पर आणि टेकडीवरचे मोंफ्लांकं ही गावे एका दिवसात सहज होतात. गारोन नदीकाठच्या ओव्हिलारचा वर्तुळाकार धान्यबाजार दूर आहे; त्यासाठी वेगळा दिवस काढावा. मोंपाझिएला मात्र गुरुवारीच जावे आणि सकाळी नऊच्या आत पोहोचावे. दुपारी एकपर्यंत विक्रेते मेजे गुंडाळतात, उरलेल्या पालेभाजीचा केर झाडला जातो आणि चौक मोकळा होतो. मग छपराखाली सावलीत बसून मापांकडे पाहत घरून आणलेले खाकरे खाता येतात. कोणी उठवीत नाही.